आपाचं स्थळ आणि दाभोशाचे खेकडे

शिंप्याच्या दुकानात चिंध्या साठतात तसे आमच्या घरात किस्से साठलेत. कुणी मुद्दाम जमवलेले नाहीत. सत्तरच्या दशकात पाऊस सरला की आम्ही सगळे जव्हारहून दाभोशाला खेकडे धरायला जायचो आणि खेकड्यांपेक्षा किस्सेच जास्त घेऊन परतायचो. त्यातल्या एकाच दिवसाचे हे.

*

त्या दिवशी सोबत पाहुणे होते. भिवंडीचे सलीमभाई, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीसाठी, नसीमआपासाठी, सांगून आलेलं स्थळ. संध्याकाळपर्यंत होय की नाही ते अब्बांनी कळवायचं होतं.

अब्बा टेलर. आधीचं एक स्थळ त्यांनी शर्टाच्या कॉलरवरून नाकारलं होतं, दुसरं पँटच्या शिलाईवरून! "असला कपडा घालून मुलगी बघायला येतो, तो संसार काय नीट करणार?" आपाला कुणी काही विचारलं नव्हतं. दुसऱ्या नकारानंतर मात्र ती बरेच दिवस कुणाशी बोलली नाही. मला तिचं फार वाईट वाटायचं.

*

जीपमध्ये फूफीने, म्हणजे अब्बांच्या बहिणीने, जव्हार सुटल्यापासून खेकड्याचा रस्सा लावून धरला. नांग्या कशा ठेचायच्या, वाटण किती भाजायचं. सलीमभाई आपले मान डोलवत होते. मुलगा ऐकून घेणारा आहे, असं फूफीने अम्मीच्या कानात सांगितलं. फूफीचं कानातलं ड्रायव्हरलाही ऐकू जायचं.

*

दाभोशाच्या डोहावरची होडी देवजी नावाड्याची. अम्मी आणि फूफी चूल मांडायला काठावर थांबल्या. होडीत कोण कुठे बसणार हे अब्बांनी घरूनच ठरवून आणलं होतं. एका टोकाला पाहुणे, दुसऱ्या टोकाला आपा आणि मध्ये भिंतीसारखे ते स्वतः.

देवजीला स्थळाबिळाचं काही ठाऊक नव्हतं. त्याने सगळ्यांना एकदा नजरेने जोखलं.

"मास्तर, मी मागं उभा र्‍हानार. फुडं तुमचाच भार पायजे, नायतं होडी उलटंल."

अब्बा पुढे गेले. आपा आणि सलीमभाई मध्ये, समोरासमोर. मी देवजीच्या पायाशी. अब्बा बसले खरे, पण तोंड मागे करून!

*

कोंबडीची आतडी दोरीला बांधून सोडायची, खेकडा चिकटला की दोरी हळूहळू ओढायची आणि तो वर आला की खाली जाळी धरायची. यात लक्ष लागतं. अब्बांचा एक डोळा दोरीवर, दुसरा आपावर. त्यांचे खेकडे एकामागून एक सुटत गेले. आपा दोरी ओढत होती, सलीमभाई जाळी धरत होते. दोघं एक शब्द बोलले नाहीत, पण पोतं भरत आलं.

*

शेवटी अब्बांनीच बोलणं काढलं. तुमच्याकडे खेकडा कसा करतात, असं त्यांनी सलीमभाईंना विचारलं.

"जी, हमारे घर में केकड़ा खाते ही नहीं."

मग जीपमध्ये का बोलला नाहीत, असं अब्बांनी विचारलं.

"फूफी इतने प्यार से बता रही थीं. रोकता कैसे?"

कॉलर आणि शिलाई अब्बांनी सकाळीच तपासली होती. तिथे खोट नव्हती. ती आता सापडली. त्यांनी सावकाश मान हलवली. ती मान आम्ही आधीच्या दोन्ही नकारांच्या वेळी पाहिली होती. आपाने गुपचूप दोरी गुंडाळायला घेतली.

*

काठाकडे परत निघताना सलीमभाई पोत्याचं तोंड बांधायला गेले आणि एका दांडग्या खेकड्याने त्यांचं बोट धरलं. ते नुसतंच "अरे" म्हणाले. अब्बा म्हणाले, ओढा. देवजी म्हणाला, ओढू नका, हात पाण्यात घाला, आपोआप सोडतो.

आपाने सलीमभाईंचं मनगट पकडलं आणि पोतं भिजवायला ठेवलेल्या पाण्याच्या बादलीत त्यांचा हात बुडवला. सगळ्यांच्या देखत! खेकड्याने बोट सोडलं आणि तो तळाशी जाऊन बसला. मला दिसला, देवजीला दिसला. आपाने मनगट सोडलं नाही.

काठावरून फूफी ओरडली, "सुटला का ग?"

"नाही अजून," आपा म्हणाली. बादलीकडे न बघता.

अब्बा पुढे वाकले. बादलीत त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग काठाकडे तोंड फिरवलं.

"अजून नाही सुटला. तोवर चुलीवर पाहुण्यांसाठी थोडी डाळ टाका."