आठवा टॅपेट

गरम भज्यांची पुडी घेऊन मी सुदामच्या गॅरेजकडं पायीच निघालो होतो. अंबडच्या स्टँडसमोर फोन वाजला. त्याची मुलगी वैशाली होती. "काका, पप्पा उठतच न्हाईत हो..." पुडी हातात धरून तिथं किती वेळ उभा होतो, कोण जाणे. त्याला आता महिना होऊन गेला.

सुदाम आणि मी शाळेत एका बाकावर. मी मास्तर झालो, तो इंजनात रमला. माझी जुनी डिझेल गाडी त्याच्याशिवाय कुणाच्या हाताला माहीत नाही. टॅपेट, म्हणजे इंजनातल्या आठ व्हॉल्व्हच्या फटी, सेट करायचे म्हटलं की गाडी आदल्या दिवशीच त्याच्याकडं सोडायची. "इंजन थंड पाहिजे, मास्तर. गरम इंजन खोटं बोलतं." सकाळी इंजनावर तळहात ठेवायचा, मगच वरचं झाकण काढायचा. लांब पान्यानं पुली फिरवायची, व्हॉल्व्हच्या फटीत पातळ पत्ती सरकवायची, पेच जरासा इकडं, जरासा तिकडं. पत्ती हलकीच अडली की बराबर. मधे कुणी हात घातलेला त्याला खपत नसे. एकदा मी पान्याला हात लावला तर फटकन मारलं त्यानं हातावर. "मी येतो का तुझ्या वर्गात फळ्यावर लिहायला?"

गाडी टकटक करायला लागली की मी घाबरायचो आणि तो हसायचा. "वाजून राह्यला ना, मंग भिऊ नको. ढिला टॅपेट बोंबलतो तरी. घट्ट झालेला गप बसतो अन् व्हॉल्व्ह जाळून टाकतो." हे तोच सांगायचा, आणि बोंबलायची वेळ आली तेव्हा तोच गप बसला.

त्या शेवटच्या, फोनच्या आदल्या सकाळी त्यानं दोनदा पुली फिरवली आणि थांबला. हवेत गारवा होता, तरी कपाळावर घाम. म्हणाला, "मास्तर, आज तू फिरव पाना." मला काय आनंद झाला म्हणून सांगू! इतक्या वर्षांनी पाना हातात आला. मी फिरवत गेलो, तो पत्ती घालत गेला. मधेच डावा खांदा चोळत होता. ते मी पाहिलं. पाहिलं, हेच तर खुपतंय... सात झाले आणि तो जुन्या टायरवर बसला. "आठवा उद्या करू. गाडी इथंच राहू दे."

हाती घेतलेलं काम अर्धं टाकणारा माणूस नव्हता तो. आणि मी काय बोललो? "कामचोर झालास की रे, म्हाताऱ्या!" "झालो बाबा," म्हणाला आणि हसला. घरी येऊन बायकोला फुशारकीनं सांगितलं, सुदामनं आज मला पाना दिला! अरे, कसला मान नि कसलं काय, त्याच्या हातात जोरच उरला नव्हता. दवाखाना समोर होता, रस्ता ओलांडला की झालं. कोणतं पोर उपाशी आलंय ते हजेरी घेताना ओळखणारा मी मास्तर... मला हे ओळखता आलं नाही.

दहावा झाल्यावर वहिनींनी गाडीची चावी दिली, सोबत तो पाना आणि पत्त्याही. "तुम्हीच ठेवा भाऊजी, इथं कोण वापरतंय," म्हणाल्या. बायको रोज म्हणते, जालन्याला दाखवून आणा. पाच मिनिटांचं काम आहे, मलाही कळतं. पण तो आठवा दुसऱ्या कुणी सेट केला की सुदामचं "उद्या करू" संपलं. नाही केला तर इंजनाचं नुकसान.

रोज सकाळी ठरवतो, आज आपणच करायचं. करण्याआधी एकदा ऐकावं म्हणून गाडी सुरू करतो. त्यानं सेट केलेले सात शांत चालतात. आठवा वाजतो. बॉनेट उघडून ऐकत उभा राहतो, मग गाडी बंद करून पाना हातात घेतो, इंजनावर तळहात ठेवतो. तोवर ते गरम झालेलं असतं.

"उद्या करू," म्हणतो आणि पाना ठेवून देतो.