अर्ध्या इंचाचा दंड

त्या शिंप्याला अख्खी गल्ली ‘अर्धा इंच’ म्हणायची. गिऱ्हाइकाच्या पोटाभोवती टेप फिरली की तो मोठ्यानं माप सांगायचा ते अर्धा इंच कमी, आणि वहीत लिहायचा ते खरं. सांगायचं ते माणसासाठी, लिहायचं ते कापडासाठी, हे त्याचं धंद्यातलं एकमेव तत्त्वज्ञान. माणूस सुखावून जायचा आणि कोटही पोटाला न काचता बसायचा.

एकोणसत्तराव्या वर्षी सात किलोची जुनी इस्त्री त्याच्या हातून निसटली आणि एका नवरदेवाच्या कोटाच्या बाहीवर जाऊन बसली; बाही जळाली. नवरदेवानं लग्न कोटाशिवाय, नुसत्या सदऱ्यावर उरकलं. दुकान आता लेक चालवत होती. तिनं आवाज चढवला नाही, तेच वाईट.

“बाबा, यापुढे तुम्ही बटणं लावा. इस्त्री माझ्याकडे.”

बटणं लावणं म्हणजे शिंप्यांच्या जगातला वानप्रस्थ. त्यानं दोन महिन्यांची मुदत मागून घेतली: तेवढ्यात त्याच इस्त्रीनं अख्खा कोट दाबून दाखवीन, नाहीतर बटणांचा डबा मांडीवर घेईन.

हातातलं बळ का गेलं हे विचारायला तो डॉक्टरीणबाईंकडे गेला. त्या त्याच्या जुन्या गिऱ्हाईक. वर्षानुवर्षं त्यानं त्यांची कंबर तोंडी बारीक केली होती, पण त्यांनी उपकार फेडले नाहीत, खरं तेच सांगितलं. वयाबरोबर स्नायू झिजतात, आणि हे गृहस्थ जगतात चहा-बिस्किटांवर. शरीर रोज आतून रफू करत असतं, प्रोटीन हा त्याचा दोरा. चरबीसारखं त्याचं कोठार भरून ठेवता येत नाही, म्हणून प्रत्येक खाण्यात थोडं थोडं हवं. आणि नुसता दोरा आणून भागत नाही, मशीनही चालवावं लागतं, तेव्हा रोज झेपेल तेवढं वजन उचला. ‘रफू’ या शब्दाला शिंपी विरघळला.

दुसऱ्या दिवसापासून बटणांच्या डब्यांत शेंगदाणे आले, खडूच्या खोक्यात भाजलेले हरभरे. अकराला उकडलेलं अंडं, चारला वाटीभर घट्ट दही. मधल्या वेळात आधी किलोभराची कात्री, मग कापडाचा तागा वर-खाली. एकदा फिटिंग करताना हात मोकळा हवा म्हणून त्यानं अंडं जवळच्या खिशात ठेवलं. तो खिसा गिऱ्हाइकाचा होता. ते गृहस्थ संध्याकाळी परत आले आणि म्हणाले, चाळीस वर्षांत या दुकानातून पहिल्यांदाच काहीतरी फुकट मिळालं.

दर शनिवारी बायको त्याचा दंड मापायची आणि वहीत टिपून ठेवायची. दहा इंचांवरून सुरुवात झाली. दर आठवड्याला ती थोडं वाढवून सांगायची, आणि हा बाह्या दुमडून दुकानाच्या दारात उभा राहायचा. आठव्या शनिवारी तिनं “अकरा” म्हटलं.

मुदतीच्या दिवशी त्यानं इस्त्री उचलली. कॉलर, खांदे, दोन्ही बाह्या. शेवटच्या बाहीनंतरही इस्त्री तिच्या जागीच खाली ठेवली गेली. लेकीनं कोट उजेडात धरला, उलटा केला, बराच वेळ काही सापडतंय का पाहिलं.

“बरं. इस्त्री तुमची.”

आता पुरावाही दाखवावा म्हणून त्यानं वही उघडली. दहा. दहा. दहा. सात शनिवार दहाच. आठव्यासमोर बारीक अक्षरात: सव्वादहा.

“अहो, तुम्हीच शिकवलंत,” बायको बटणं निवडता निवडता म्हणाली. “सांगायचं ते माणसासाठी.”

शिंप्यानं वही मिटली, पुन्हा उघडली.

“पण हा पाव इंच?”

“तो लिहिलाय ना.”

त्यानं बटणांच्या डब्यातून मूठभर दाणे घेतले. संध्याकाळपर्यंत लेकीनं ही गोष्ट गल्लीभर केली होती. तेव्हापासून त्याला ‘पाव इंच’ म्हणतात, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या नावावर चढलेलं माप खरं आहे.