पानथरीशिवाय तळेघर

शिवाजीनगरहून सकाळची एसटी पकडली तेव्हा पिशवीत दोन साड्या, टॉर्च आणि गोळ्यांची एक पट्टी होती. चार वर्षांपूर्वी स्कूटरच्या अपघातात माझी प्लीहा फुटली, ती काढावी लागली. सर्जननी कार्डावर लिहून दिलं होतं: ताप आला तर लगेच अँटिबायोटिकची गोळी, आणि ताबडतोब दवाखाना. प्लीहा नसलेल्या माणसाच्या रक्तात जंतू काही तासांत पसरू शकतात. लस घेतली तरी धोका पुरता जात नाही. हे मला पाठ होतं. पण चार वर्षांत ताप कधी आलाच नव्हता.

मंचरला कांद्याबटाट्याच्या ट्रकांमधून वाट काढत तळेघरची गाडी गाठली. घोडेगाव गेलं, डिंभे धरणाचं पाणी मागे पडलं आणि घाट लागला. ऑक्टोबर होता. खाचरांतलं (बांध घातलेल्या शेतांतलं) भात पिवळं पडू लागलं होतं.

माझ्या कचेरीतल्या संगीताचे वडील, सुदामकाका, थांब्यावर उभे होते. त्यांचं घर लहान, भिंतीवर बुद्धांची तसबीर. नाचणीची भाकरी आणि वालाचं कालवण जेवताना मी गोळ्यांबद्दल सांगितलं.

"पानथरी (प्लीहा) वाढल्याली ऐकली व्हती ताई, काढल्याली नाय," काका म्हणाले. "तिच्याबिगर चालतंय?"

"चालतं. फक्त ताप आला की घाई करायची."

दुसऱ्या दिवशी सकाळी खाचरांच्या बांधावरून फिरताना मला हुडहुडी भरली. आठ वाजले असतील. परत येऊन गुपचूप एक गोळी घेतली. नऊची एसटी मंचरला जाते, हे मला माहीत होतं. पण काकू माझ्यासाठी हुलग्याचे शेंगोळे (कुळथाच्या पिठाची कडबोळी) वळत बसल्या होत्या, आणि उद्या जुन्नरची लेणी पाहायची होती. उन्हात बसले की बरं वाटेल, असं मी ठरवून टाकलं. गाडीचा हॉर्न ऐकू आला आणि विरून गेला.

दहाच्या सुमारास हातातली ताटली वाजायला लागली. काकूंनी कपाळाला हात लावला. "अगं बाई, अंग लई तापलंय! काढा करते, घोंगडी घे."

"काढा ऱ्हाऊ दे," काका उठले. "ताई, ते कार्ड दाखवा बरं."

त्यांनी ते उभ्यानेच वाचलं.

"कवापासून हाय?"

"आठपासून. तुम्हाला उगाच त्रास नको म्हणून..."

कार्ड खिशात घालून ते रस्त्यावर जाऊन उभे राहिले. जीप मिळायला दोन तास लागले. मी मागच्या बाकावर त्यांच्या खांद्याला टेकून बसले. घाट उतरताना दोनदा उलटी झाली. डिंभ्याचं पाणी पुन्हा आलं की नाही, आठवत नाही.

मंचरचे डॉक्टर तरुण होते. "मलेरियाची साथ आहे. रक्त तपासू, उद्या या," ते म्हणाले. काकांनी कार्ड त्यांच्या पुढ्यात ठेवलं. डॉक्टरांनी ते वाचलं, माझं ब्लडप्रेशर पाहिलं आणि ते खुर्चीवरून उठले. शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं, पाठोपाठ पुण्याला न्यायला गाडी मागवली गेली. गाडी यायला संध्याकाळ झाली; तिचं दार लागेपर्यंत काका बाजूला उभे होते.

पुण्याच्या इस्पितळात अकरा दिवस काढले, पैकी पहिले तीन मला आठवत नाहीत. रक्तात जंतू होते. आणखी उशीर झाला असता तर हाती काही उरलं नसतं, असं तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

जुन्नर राहिलं. घरी आले, कामावर रुजू झाले. महिन्याभराने संगीताकडून कळलं, की त्या दिवशी मला गाडीत बसवून काका परत निघाले तेव्हा वर जाणारी शेवटची एसटी चुकली होती. डिंभ्यापर्यंत एक टेम्पो मिळाला, पुढचा सगळा घाट ते चालत चढले. घरी पोचायला दुसरा दिवस उजाडला. "तुला सांगू नको म्हणालेत," ती म्हणाली.

मी आठ वाजता तोंड उघडलं असतं, तर आम्ही दोघं नऊच्या एसटीने गेलो असतो आणि ते दिवसाउजेडी घरी पोचले असते.