अप्पांची वीस मिनिटं

अप्पांना फिरायला नेताना शेजारून एक जुनी मोपेड धूर सोडत गेली, आणि मला आमच्या गल्लीत एसटीडी बूथ नवा होता ते वर्ष आठवलं. मी नववीत होते.

पापनाशमचं ऑफिस ते तंजावरचं घर चोवीस किलोमीटर, मोपेडचा वेग ताशी चोवीस. तरी अप्पांना रोज वीस मिनिटं उशीर व्हायचा. मी हिशेब विचारला.

“पहिले आठ किलोमीटर ऑफिसातल्या सेल्वमच्या सायकलबरोबर येतो, गप्पा मारत. त्याचा वेग काढ पाहू.”

मी क्ष मांडला. उत्तर आलं ताशी बारा.

“मोपेड असून सायकलच्या वेगानं?” मी वैतागले. ते नुसते हसले.

आता अप्पा फार हळू चालतात. मीही तेवढंच हळू चालते. आई रोज विचारते, “इतका उशीर?” अप्पा माझ्याकडे बघून हसतात.