पुसलेली फरशी

मी सुभेदार म्हणून निवृत्त झालो. नोकरी लष्कराच्या इंजिनिअर्समध्ये, बॉम्ब डिस्पोजलची. आता अंबरनाथ पश्चिमेला राहतो. सोसायटीतली मंडळी विचारतात, भीती वाटायची का? बॉम्बची फारशी नाही. द्रव स्फोटकाची वाटायची, अजूनही वाटते.

घन स्फोटक बहुतेक वेळा गुमान पडून राहतं. द्रवाचा भरवसा नाही. धक्का, घर्षण, उष्णता, काहीही पुरतं. डायनामाइटच्या जुन्या कांड्यांतून ते तेलासारखं झिरपतं. नुसत्या वाफेने डोकं ठणकतं. शिवाय ते पाण्यापेक्षा जड असतं, तळाशी बसतं.

अंबरनाथ एमआयडीसीतलं एक बंद गोदाम नव्या मालकाने खंडेनवमीच्या पूजेसाठी उघडलं होतं. कोपऱ्यात खाणकामाच्या कांड्यांची जुनी पेटी निघाली. आम्हाला बोलावणं आलं. माझ्याबरोबर माझ्या तुकडीतला नाईक भोईर होता, बदलापूरकडच्या गावचा. ड्युटी आटपून तो घरी हत्यारं पुजायला जाणार होता.

सकाळी ८.५० ला आत गेलो. पेटीखाली तेलाचा डाग असणार अशी माझी खात्री होती. फरशी लख्ख होती. मला हायसं वाटलं. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर, मूर्खासारखं हायसं वाटलं.

१०.१५ ला पेटी बाहेर वाळूत पोचली. मी "एरिया क्लिअर" दिलं. भोईर सामान आवरायला आत थांबला. गेटवर सफाईच्या मावशी डोकं आवळून बसल्या होत्या. काय झालं, विचारलं.

"काल त्या पेटीखालचं तेल पुसलं ना, तेव्हापासून ठणकतंय. पूजेला जागा साफ नको?"

"फडकं कुठे पिळलं?"

"बादलीत. वरचं पाणी ओतलं, तळाची घाण ऱ्हायलीय."

मी रेडिओ दाबला. "भोईर, बादलीला हात लावू नको."

"हातातच आहे, साहेब."

"हलू नको."

मग त्याने विचारलं, "गेटवर माणसं आहेत?"

"आहेत."

"मागे घ्या, साहेब."

मी सगळ्यांना रस्त्यापलीकडे नेलं. १०.२२ ला स्फोट झाला. बादलीची कडी निसटली की त्याचा हात, कळायला मार्ग राहिला नाही. मी सुन्न झालो. खरं सांगायचं तर अजून आहे.

दर खंडेनवमीला मी त्याच्या घरी जातो. त्याची आई पाटावर त्याचा कोयता मांडते. गेल्या वर्षी मी तिला सांगून टाकलं, आत जाण्याआधी मी त्या मावशींना विचारलं असतं, तर तो वाचला असता.

झेंडूचं फूल तिने माझ्या हातात दिलं. कोयत्यावर ते मी ठेवलं.