राखून ठेवलेले हात

अमेरिकेतल्या फ्रिस्को शहरात फायर स्टेशनच्या ॲम्ब्युलन्सवर सिया पॅरामेडिक म्हणून लागली, तेव्हा तिची आई सुलेखा भेटेल त्याला सांगायची, "आमच्या सियाचे हात बघा, भल्याभल्यांना भारी पडतील!" सियालाही आपल्या ताकदीचा अभिमान होता. स्ट्रेचरची जड बाजू ती कुणाला धरू द्यायची नाही.

एका उन्हाळ्यात मात्र फजिती झाली. एका लठ्ठ गृहस्थांना जिन्यावरून खाली आणलं आणि लगेच सलाइनसाठी सुई लावायला घेतली, तर तिची बोटं थरथरायला लागली. शीर हुकली. पुन्हा हुकली. शेवटी तिचा जोडीदार मार्कस पुढे झाला. ते गृहस्थ बरे झाले, पण सियाच्या मनाला ते लागून राहिलं. आपणच कमी पडतोय असं समजून तिने जिममधली वजनं वाढवली. व्यायाम करून थेट ड्यूटीवर यायची, आणि बोटं आणखीच थरथरायची.

तिची मैत्रीण सावनी पुण्याहून पीएचडीला आलेली. दमलेल्या स्नायूंवरच तिचा रिसर्च होता. सगळं ऐकून ती म्हणाली, "लॅबमध्ये ये. दाखवतेच तुला."

लॅबमध्ये सियाने बोटांचा जोर मोजणारं एक छोटं यंत्र चिमटीत हलकेच दाबून धरलं. स्क्रीनवर सरळ रेघ उमटली. मग सावनीने तिला मूठ आवळायला लावली, अगदी हात गळून जाईपर्यंत. त्यानंतर पुन्हा तीच हलकी चिमटी. या वेळी रेघ वेडीवाकडी उड्या मारत होती.

"म्हणजे आय ॲम वीक?" सियाने विचारलं.

"छे गं! बळ आहेच तुझ्यात. एकेक मज्जातंतू स्नायूतल्या धाग्यांचा एकेक गट चालवतो. दमलेल्या गटांचा जोर कमी पडला की मेंदू जास्त रेटा लावतो, मोठ्या गटांनाही कामाला जुंपतो. मोठे गट ओढतात ते हिसक्याने. म्हणून नाजूक जोर सांभाळता येत नाही. कितीही पहिलवान असला तरी त्याचं असंच होणार. थोडी विश्रांती मिळाली की हात ताळ्यावर येतात."

"पण पेशंट वेट करत नाही ना!"

"मग ज्याने उचललं, त्याने सुई लावायची नाही."

उपाय सोपा होता, पण सियाच्या पचनी पडायला वेळ लागला. जड बाजू सोडायची म्हणजे मान खाली घालण्यासारखंच वाटत होतं. तरी तिने कॅप्टनपुढे विषय काढला. तो हसला. "तुम्ही स्वतःच करून बघा," ती म्हणाली. वाळूची पोती जिन्यावरून वाहून झाल्यावर त्याने सरावाच्या रबरी हातात सुई घालायला घेतली आणि त्याचं हसू मावळलं. तेव्हापासून निघण्यापूर्वीच ठरायला लागलं, कोण उचलणार आणि कोण हात राखून ठेवणार.

ऑगस्टमध्ये एका अपार्टमेंटमधून फोन आला. तिथे राहणारे जगन्नाथ काका उलट्यांनी गळून गेले होते, आणि लिफ्ट बंद. मार्कस आणि इतरांनी त्यांना खुर्चीत बांधून उचललं. सिया रिकाम्या हातांनी पुढे उतरत होती. एका वळणावर खुर्ची कलली. तिचे हात आपोआप पुढे झाले. तिने ते मागे घेतले. मार्कसने तोल सावरला.

मागून उतरणाऱ्या त्यांच्या बायकोला, सुमित्रा काकूंना, राहवेना. "अगं, तू आपली मराठी मुलगी ना? मग जरा हात लाव की!"

"काकू, माझं काम खाली आहे. ट्रस्ट मी."

ॲम्ब्युलन्समध्ये काकांच्या सुकलेल्या हातावर शीर दिसेचना. सियाने बोटांनी चाचपडून ती शोधली, मनगट टेकवलं आणि सुई आत सरकवली. पहिल्याच खेपेला रक्ताचा थेंब नळीत दिसला. सलाइन सुरू झालं.

हॉस्पिटलच्या दाराशी पोचेपर्यंत काकांनी डोळे उघडले होते आणि ते चहा मागत होते. काकूंनी सियाचा हात घट्ट धरला. मार्कस घाम पुसत म्हणाला, "नेक्स्ट टाइम मी सुई, तू खुर्ची."

"डील," सिया म्हणाली, आणि गाडीत नवीन चादर घालायला वळली.