भेकरं, बिबट्या आणि माझं उलटं मागणं

आमच्या पाड्यामागच्या डोंगरावर वनखात्याने साग-खैराची रोपं लावली आणि राखणीचं काम मला मिळालं. दिवसभर एकटीने बसायचं, कुणाशी बोलायचं नाही. एवढं चांगलं काम मला कधी मिळालं नव्हतं. आधी मी चिकूच्या वाडीत जायची. तिथे वीस बायका, आणि प्रत्येकजण विचारणार, तू बोलत का नाहीस.

पण भेकरं, म्हणजे जंगलातली लहान हरणं, रोपांच्या मागे लागली. माद्या कोवळे शेंडे खायच्या. नर शिंगं घासून खोडाची साल सोलायचा आणि वर कुत्र्यासारखा भुंकायचा, जणू राखण तोच करतोय. मी हातवारे करून हाकलायची. ओरडायची मला लाज वाटते.

गार्डसाहेब म्हणाले, "बाई, दिवाळीनंतरही झाडं अशीच मेली तर दुसरं माणूस बघावं लागेल."

दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला सगळा पाडा वाघोबापुढे जमला. भगताने नारळ फोडला. सगळे म्हणाले, "देवा, आमच्या गुरांपासून लांब राहा." मीही ओठ हलवले. मनात मात्र म्हटलं, ये बाबा, पाड्यात नको, रोपांकडे ये. भेकरं तिथेच आहेत. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

चौथ्या दिवशी रोपांमध्ये बिबट्याचे पंजे उमटले. भेकरं गायब झाली. सासूने शेळ्या घरात घेतल्या, त्यातली एक नवऱ्याच्या गोधडीवरच बसली.

"पूजेत कुणाचं तरी चुकलं," सासू म्हणाली.

"कुणाचं?" नवरा शेळीला ढकलत म्हणाला.

मी भाकरी थापत राहिले. ती फारच मोठी झाली.

गार्डसाहेबांनी सांगितलं, आता एकट्या बाईने बसायचं नाही. जोडीला माझी मोठी जाऊ आली. तिचं माहेर उधव्याचं. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत तिच्या तीन बहिणींची लग्नं झाली, एक मोडलंसुद्धा. "ऐकतेस ना गो?" असं ती मध्येमध्ये ओरडायची. आठ दिवसांत बिबट्या निघून गेला. तिच्या आवाजाने भेकरंही फिरकली नाहीत. सोललेल्या खोडांना बुंध्याशी नवी फूट आली.

परवा गार्डसाहेब खूश होऊन म्हणाले, "आता बिबट्या नाही. एकीने भागेल का?"

हेच मला हवं होतं. मी तोंड उघडलं.

"एकीने कसं भागेल साहेब?" जाऊ म्हणाली. "ही तर भेकरालासुद्धा लाजते."

ते खोटं नव्हतं. साहेबांनी दोघींची नावं लिहिली आणि मी उघडलेल्या तोंडाने पाणी प्यायले.